तुसाने पाणी शुद्ध होईल. पण त्या तुसाचे काय?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर हे तमिळनाडूचे भाताचे कोठार. गिरणीत येणाऱ्या भाताच्या वजनाचा सुमारे 20 टक्के भाग तूस असतो. हे तूस पाण्यातील जड धातू शोषून घेते, हे प्रयोगशाळांनी वारंवार दाखवले आहे. मला चिंता आहे ती प्रयोगशाळेबाहेरच्या वाटचालीची.

तुसातील सेल्युलोज व लिग्निनवरचे रासायनिक गट शिसे, कॅडमियम यांचे आयन धरून ठेवतात. चुन्याने धातूंचा साका बसवण्याची रूढ पद्धत तीव्र सांडपाण्याला चालते. धातूचे प्रमाण उतरले की ती अपुरी पडू लागते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, तर कॅडमियमची 0.003 आहे. वनस्पतिजन्य शोषकांचा खरा उपयोग या अखेरच्या टप्प्यात आहे.

गरज तर उघडच आहे. तमिळनाडूच्याच राणीपेटमध्ये बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात क्रोमियमयुक्त कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षे पडून राहिले आणि भूजल नासले. वेल्लोर परिसरातील चर्मोद्योगाच्या प्रदूषणावर 1996 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले.

मग अडते कुठे? प्रयोगशाळेतील द्रावणात बहुधा एकच धातू असतो. कारखान्याच्या सांडपाण्यात कॅल्शियम, क्षार, रंग हे सारेच तुसावरील जागेसाठी झगडतात. शिवाय तूस आता फुकटचे राहिलेले नाही. बॉयलरसाठी त्याला गिऱ्हाईक आहे. सर्वांत अवघड प्रश्न वापरलेल्या तुसाचा. धातू नष्ट होत नाही, पाण्यातून तुसात जातो. ते तूस उघड्यावर टाकले वा निष्काळजीपणे जाळले, तर प्रदूषणाने केवळ पत्ता बदलला, इतकेच.

तुसाच्या राखेला बाजारपेठ मिळू शकते, हे 2009 मध्ये आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ने दाखवले. मात्र त्या गाळणीत राखेसोबत चांदीचे सूक्ष्म कण होते आणि लक्ष्य जंतू होते, धातू नव्हेत. या दोन गोष्टींची गल्लत धोरणकर्त्यांनी करू नये.

माझ्या मते, नव्या शोधनिबंधांपेक्षा आज सामूहिक सांडपाणी प्रकल्पांना जोडलेल्या प्रत्यक्ष चाचण्यांची निकड अधिक आहे. त्यांचा खर्च प्रदूषक उद्योगांनी उचलावा आणि वापरलेल्या तुसाची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांनुसार कोण लावणार, हे परवानगीच्या कागदावरच लिहिलेले असावे. ती जबाबदारी निश्चित नसेल, तर या उपायाला स्वस्त म्हणणे ही हिशेबातली लबाडी ठरेल.