पास्ता आणि शेवयांचा जुना रिश्ता

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की धुळ्यातल्या आमच्या घरी भाजीची पिशवी हलकी होते. विनाअनुदानित शाळेतला पगार आणि पॉवरलूमवरची मजुरी, एवढ्यात पाच माणसांचे भागवायचे असते. अशाच एका संध्याकाळी धाकटी म्हणाली, "अम्मी, आमच्या वर्गातली एक मुलगी डब्यात पास्ता आणते. आपण कधी करायचा?" थोरलीने लगेच तिला डोळ्यांनी दटावले. बारा वर्षांच्या मुलीने घरची ओढाताण ओळखून बहिणीला गप्प करावे, हे आमच्या मनाला फार लागले.

पाकिटातला पास्ता आणि त्यावरचे चीज परवडणारे नव्हते. म्हणून मैदा सैल भिजवला, पट्ट्या कापल्या आणि लहान पातेल्यात थोड्या पाण्यात टाकल्या. पास्ता झालाच नाही, पतंग चिकटवायची खळ तेवढी झाली! मुली हसल्या, आम्हीही हसलो. मग जळगावला अम्मींना फोन केला. त्या म्हणाल्या, "बेटा, शेवया करता येतात ना तुला? मग हे काय वेगळे आहे?"

खरेच होते ते. रमजानच्या आधी माहेरी शेवयांचे मशीन खाटेच्या कडेला घट्ट बसवले जाई. एक जण दांडा फिरवी, दुसरी शेवया झेलून काठीवर टाके. घट्ट भिजवलेले पीठ आणि चांगली सुकवलेली शेवई, शीरखुर्म्याचे सारे यश त्यातच असे.

हे नाते जुनेही आहे. 1154 मध्ये भूगोलतज्ज्ञ अल-इद्रीसी यांनी सिसिली बेटावरच्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या शेवया बनतात आणि जहाजे भरून दूरदूर जातात, असे नोंदवले. 1226 मध्ये बगदादेत लिहिलेल्या अल-बगदादी यांच्या पाककृतींच्या पुस्तकात 'रिश्ता' नावाचा पदार्थ आहे: गोश्त, हरभरे आणि मसूर यांच्यात शिजवलेले कणकेचे बारीक धागे. फारसीत रिश्ता म्हणजे धागा. उर्दूत तोच शब्द नात्यासाठी आला. आपली वरणफळे याच कुळातली नाहीत का?

आता आमच्या घरी ठरलेली रीत सांगतो. पाच जणांसाठी पाव किलो बारीक रवा, पाव किलो कणीक आणि चमचाभर मीठ घ्यावे. कोमट पाणी थोडे थोडे घालत पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट भिजवावे आणि पाऊण तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावे. इटलीत पास्त्याला ड्युरम जातीचा कडक गहू लागतो. आपला बन्सी गहू त्याच जातीचा, म्हणून त्याचा रवा मिळाला तर उत्तम. पातळ पोळी लाटून सुरीने बोटभर रुंद पट्ट्या कापाव्यात आणि कापडावर पसरून अर्धा तास सुकू द्याव्यात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी मीठ घालून खळखळ उकळावे, मगच पट्ट्या सोडाव्यात. वर तरंगल्या की दोन-तीन मिनिटांत एक चाखून पाहावी. मधे कच्ची लागली नाही, की काढून घ्याव्यात. वाटीभर पाणी मात्र राखून ठेवावे.

कढईत दोन पळ्या शेंगदाण्याचे तेल, ठेचलेला लसूण, लाल मिरची, कांदा आणि सहा-सात पिकलेले टोमॅटो परतावेत. टोमॅटो गळले की राखलेले पाणी घालावे, त्याने रस्सा दाट होतो. मग पट्ट्या घालून हलक्या हाताने हलवावे. चीजऐवजी भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट भुरभुरावा. त्याने चवही येते आणि अंगाला प्रथिनेही मिळतात. आदल्या दिवशीचा मूठभर खिमा उरला असेल तर तोही यातच घालावा, वाया जात नाही. टोमॅटो महाग असतील त्या आठवड्यात याच पट्ट्या तुरीच्या वरणात सोडाव्यात, त्या रात्री वरणफळे होतात.

वेळ लागतो, हे खरे. म्हणून आम्ही हे फक्त रविवारी करतो. थोरली पट्ट्या कापते, धाकटी सुकत घालते, त्यांचे अब्बू टोमॅटो चिरतात. मागच्या सोमवारी धाकटीने डब्यात हाच पास्ता नेला. संध्याकाळी रिकामा डबा आमच्या हातात देत म्हणाली, "अम्मी, त्या मुलीने विचारलं, वर पिवळं काय आहे? मी सांगितलं, आमच्या खान्देशचं चीज!"