मोटारहोमचं स्टिअरिंग कधी सोडायचं?

निवृत्त झाल्यावर घर विकायचं, त्या पैशांतून मोठं मोटारहोम घ्यायचं आणि पुढची वर्षं प्रवासात काढायची, असं ठरवणारी जोडपी अमेरिकेत पुष्कळ आहेत. हिवाळा ॲरिझोनात किंवा फ्लॉरिडात, उन्हाळा रॉकी पर्वताच्या आसपास. तिकडची माणसं या गाडीला आरव्ही म्हणतात. १९६५च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर जे मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर अमेरिकेत गेले, तेही आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. नातवंडांना यलोस्टोन दाखवायला भाड्याची आरव्ही घेऊन निघणारे आजोबा त्यांच्यातही सापडतात.

गाडी घेताना मायलेज, सोलर पॅनेल, पलंगाची लांबी या सगळ्यांची चर्चा होते. ती चालवणं थांबवायचं कधी, हे मात्र कुणी बोलत नाही. मग हा प्रश्न एखाद्या अपघाताच्या किंवा आजारपणाच्या दिवशी अंगावर येतो. तसं होऊ नये अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून या बाबतीतले नेहमीचे समज एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज: लायसन्स चालू आहे, म्हणजे चालवायला हरकत नाही

चाळीस फुटी मोटारहोम म्हणजे एसटीच्या बसइतकी किंवा तिच्याहून थोडी लांब गाडी. वजन बारा-पंधरा टन, रुंदी आरसे सोडून साडेआठ फूट. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते. कॅलिफोर्नियात ४० फुटांहून लांब मोटारहोमला आणि टेक्सासमध्ये २६,००० पौंडांहून जड मोटारहोमला वेगळ्या वर्गाचं लायसन्स लागतं. पण हे अपवाद आहेत. तेवढ्याच वजनाचा ट्रक आंतरराज्य मार्गावर पोटासाठी चालवणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षांनी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. ऐंशी वर्षांच्या हौशी चालकाला ती सक्ती नाही. लायसन्सला वरची वयोमर्यादा कोणत्याच राज्यात नाही. फ्लॉरिडात ऐंशीनंतर दर सहा वर्षांनी नूतनीकरण करताना नजर तपासतात, आणि ऐंशी ते शहाऐंशी या काळात माणसाच्या शरीरात काय काय बदलतं ते वेगळं सांगायला नको.

ब्रिटनने हा प्रश्न जास्त गांभीर्याने घेतला आहे. १ जानेवारी १९९७ पूर्वी कारची परीक्षा पास झालेल्यांना तिथे साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवण्याची मुभा आपोआप मिळालेली आहे. पण सत्तरी आली की ती संपते. साडेतीन टनांहून जड मोटारहोम पुढेही चालवायचं असेल तर डॉक्टरकडून तपासणीचा फॉर्म भरून आणावा लागतो. कार चालवता येणं आणि जड गाडी चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कायद्याने मान्य केलं आहे. आपल्याकडेही पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं. पण कुठलाही कायदा हा किमान आधार असतो. लायसन्स चालवायची परवानगी देतं. आज, या रस्त्यावर, ही गाडी झेपेल की नाही, ते सांगत नाही.

गैरसमज: नजर उत्तम आहे, मग काळजी कसली?

डोळ्यांच्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरं असतात. ती स्थिर असतात, समोर असतात आणि वाचायला हवा तेवढा वेळ मिळतो. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, भिंगही पिवळसर होत जातं. विशीतल्या डोळ्यात जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायला जास्त वेळ लागतो. संध्याकाळच्या करड्या रस्त्यावर करड्या कपड्यांतला माणूस वेगळा उठून दिसत नाही. त्यावर कडेने येणाऱ्या हालचाली टिपण्याचा वेगही मंदावतो, आणि हा दोष डोळ्यांपेक्षा मेंदूचा असल्याने चष्म्याचा नंबर बदलून तो भरून निघत नाही.

जानेवारी २०१९मध्ये ब्रिटनचे प्रिन्स फिलिप ९७ व्या वर्षी स्वतः गाडी चालवत होते. सँड्रिंगहॅमजवळ मुख्य रस्त्यावर वळताना त्यांची दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली. त्या गाडीतल्या एका बाईंचं मनगट मोडलं. गाडीत नऊ महिन्यांचं बाळ होतं, ते सुदैवाने वाचलं. खाली आलेला सूर्य डोळ्यांवर होता, असं फिलिप यांनी नंतरच्या पत्रात लिहिलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी लायसन्स परत केलं.

पण याची एक दिलासा देणारी बाजूही आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आणि न घेतलेल्या वृद्ध चालकांची तुलना करणारा एक अभ्यास २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांच्या अपघातांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या साधारण निम्मं होतं. म्हणजे खूण दिसली की लगेच गाडी विकायची, असं नाही. आधी काय बरं होण्यासारखं आहे ते बघायचं.

गैरसमज: पन्नास वर्षांचा अनुभव उपयोगी पडतोच

पडतो, यात वाद नाही. वयस्कर चालक वेग कमी ठेवतात, पट्टा लावतात, पाऊस आणि रात्र टाळतात. पण अनुभव कामाला येतो तो आधीच्या आखणीत. अचानक काही आडवं आलं की हिशेब सेकंदांचा होतो, आणि तिथे अनुभवाला फारसा वाव राहत नाही.

ताशी ६५ मैलांच्या वेगात गाडी सेकंदाला २९ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी स्वतःच्या लांबीहून अधिक पुढे गेलेली असते. मोठ्या डिझेल मोटारहोमना हवेचे ब्रेक असतात, आणि पेडल दाबल्यापासून चाकांवर पकड बसेपर्यंत हवेला पोचायला आणखी क्षणभर लागतो. ट्रकचालकांच्या अमेरिकी नियमपुस्तिकेत ताशी ५५ मैलांवर, कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला एकूण साडेचारशे फूट, म्हणजे सुमारे १३७ मीटर धरले आहेत. हा हिशेब सावध आणि धडधाकट चालकाचा आहे.

वयस्कर चालकांचे अपघात चौकात जास्त होतात. अमेरिकेत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्यांना छेदून जायचं. समोरची गाडी किती वेगाने येते आहे याचा अंदाज वयाबरोबर चुकू लागतो. त्यात चाळीस फुटांची गाडी चौक ओलांडायला कारपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. मागे छोटी गाडी जोडून नेत असाल तर आणखी जास्त. कारने जो अंदाज थोडक्यात निभावून जातो, तो मोटारहोमने निभावत नाही.

आणि शेपटाचं विसरून चालत नाही. मागच्या चाकांच्या मागे राहिलेला भाग वळताना उलट्या बाजूला बाहेर फिरतो. दर तीन फुटांमागे एक फूट, असा अनुभवी मंडळींचा ठोकताळा आहे. चाकांमागे बारा फूट भाग असेल तर पुरं वळण घेताना शेपूट चार फुटांपर्यंत शेजारच्या लेनमध्ये जाऊ शकतं. डावा आरसा, उजवा आरसा, कॅमेऱ्याचा पडदा आणि समोरचा रस्ता: नजर सतत जवळून लांब आणि लांबून जवळ न्यावी लागते. ताठरलेली मान आणि दोन नंबरांचा चष्मा असेल तर हे फार थकवणारं आहे. दिवसाच्या पहिल्या तासातल्या चालकापेक्षा पाचव्या तासातला चालक म्हणूनच अधिक धोक्याचा.

गैरसमज: ठरावीक वय झालं की थांबावं

असं एक वय नाही. मैलामागे प्राणघातक अपघातांचं प्रमाण सत्तरीच्या पुढे वाढू लागतं आणि पंच्याऐंशीनंतर सर्वांत जास्त असतं, हे खरं. त्यात म्हाताऱ्या शरीराला तोच मार जास्त लागतो याचाही मोठा वाटा आहे. पण ही सरासरी झाली. ब्याऐंशीचा तरतरीत माणूस आणि साखर अचानक उतरणारा सदुसष्टचा माणूस यांत मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटेल. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर घसरते. सर्दीच्या साध्या गोळीने झापड येते. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी राहतो. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाबाबत याच कारणासाठी अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३मध्ये बायकांसाठीची मात्रा कमी करायला लावली. प्रवासाला निघण्याआधी सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवून ‘यातलं काय घेऊन मी गाडी चालवू नये?’ असं थेट विचारावं.

वयापेक्षा खुणा बघाव्यात. गाडीच्या अंगावर नवे ओरखडे, फुटपाथला घासलेली चाकं, मागून वाजलेल्या हॉर्नने दचकणं. एक खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि ती सहज नजरेआड होते: शेजारी बसलेल्या बायकोने ‘अहो, सिग्नल लाल झाला’, ‘डावीकडून ट्रक येतोय’ असं वारंवार सांगावं लागणं. तिचे डोळे उसने घेऊन गाडी चालत असेल, तर तिला डुलकी लागेल त्या क्षणी काय होईल, याचा दोघांनी विचार करावा.

शंका असेल तर परीक्षा देण्याची सोय अमेरिकेत आहे. वाहन चालवण्याच्या क्षमतेचं मूल्यमापन करणारे प्रशिक्षित ऑक्युपेशनल थेरपिस्ट तिथे असतात. कागदावरचे विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून क्रमाने जोडणं, हातापायांची ताकद, मानेची हालचाल, प्रतिसादाचा वेग हे तपासून ते सोबत बसून रस्त्यावर गाडी चालवायला लावतात. ही चाचणी बहुधा कारवर होते. त्यात पास होणं म्हणजे पंधरा टनांसाठी पास होणं नव्हे, हे विसरू नये.

गैरसमज: स्टिअरिंग सोडलं की हे आयुष्यच संपलं

माणसं वेळेवर थांबत नाहीत ती या भीतीमुळे, आणि भीती खोटी नाही. घर विकून निघालेल्यांसाठी गाडी हेच घर असतं. ‘चालवणं सोडा’ या शब्दांत त्यांना ‘घर सोडा’ असंच ऐकू येतं. म्हणून या दोन गोष्टी आधीच एकमेकींपासून सोडवायला हव्यात.

थांबणं पायरीपायरीने होऊ शकतं. आधी दिवसाचं अंतर कमी करायचं. आरव्हीवाल्यांत तीनाचा एक नियम बोलला जातो: दिवसाला ३०० मैलांहून जास्त नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचायचं, आणि एका जागी तीन दिवस राहायचं. मग रात्र आणि मोठ्या शहरांची गर्दी पूर्ण वगळायची. मग चाळीस फुटांवरून वीस-बावीस फुटांच्या व्हॅनवर यायचं. मग एकाच पार्कात गाडी कायमची लावून त्यातच राहायचं आणि बाजारहाटाला छोटी कार वापरायची.

त्याच्याही पुढची सोय टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथे आहे. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ साली एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा क्लब काढला. सभासद म्हातारे होऊ लागले तेव्हा त्या क्लबच्या पार्कात ‘केअर’ नावाचं केंद्र उभं राहिलं. ज्यांना प्रवास जमत नाही अशी माणसं तिथे आपापल्या मोटारहोममध्येच राहतात; जेवण, दवाखान्यात नेणं-आणणं, रोजच्या कामांत मदत मिळते. पलंग तोच, खिडकी तीच, शेजारीही याच आयुष्यातून आलेले. चालक थांबला, घर मात्र गेलं नाही.

गैरसमज: मुलं बघतील तेव्हा

बाबांना सांगणार कोण, हा प्रश्न मराठी घरात तरी फार अवघड असतो. मुलगा बोलला की उद्धटपणा वाटतो, मुलगी बोलली की उगाच काळजी वाटते, आणि हजारो मैलांवरच्या मुलांनी वडिलांना गाडी चालवताना पाहिलेलंही नसतं. म्हणून हा निर्णय ज्याचा आहे त्यानेच, गाडी उत्तम चालवता येत असतानाच, लिहून ठेवावा: कोणत्या खुणा दिसल्या की थांबेन, कुणाचं सांगणं ऐकेन, त्यानंतर कुठे राहीन. मग मुलाला ‘बाबा, तुम्ही थांबा’ म्हणावं लागत नाही. ‘बाबा, तुम्हीच लिहिलं होतं’ एवढंच म्हणावं लागतं.

आणि दोघांपैकी एकालाच गाडी येत असेल तर आजच बदल करावा. नवऱ्याच्या छातीत कळ आली आणि बायकोने ते स्टिअरिंग कधी हातातच धरलेलं नसेल, तर परक्या गावात ती गाडीसकट अडकते. मोटारहोम चालवायला शिकवणाऱ्या शाळा अमेरिकेत आहेत. तिथे तिनेही शिकावं आणि प्रत्येक प्रवासात थोडा वेळ तरी स्वतः चालवावं. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी, आजारपणात चालक पाठवून मोटारहोम घरी पोचवणारी मदत योजना घेऊन ठेवावी. १९६३मध्ये एफएमसीए या नावाने सुरू झालेल्या मोटारहोमवाल्यांच्या संघटनेसह काही क्लब सभासदांना ही सोय देतात. त्यांचा फोन नंबर डॅशबोर्डवर, बायकोला वाचता येईल अशा अक्षरात चिकटवून ठेवावा.