देवळातून ठरणारं पाणी

बालीला गेलात तर मेंगवीचं ‘पुरा तमन आयुन’ बहुधा बघालच. मेंगवीच्या राजघराण्याचं हे देऊळ. भोवती खंदक आणि आत मेरूंची रांग, म्हणजे एकावर एक काळी छपरं चढवलेले मनोरे. सगळ्यात उंच मेरूला अकरा छपरं आहेत. आतल्या आवारात पर्यटकांना सोडत नाहीत. भिंतीबाहेरून फेरी मारायची, फोटो काढायचे, झालं.

पण २०१२ मध्ये हे देऊळ युनेस्कोच्या यादीत आलं, ते ‘सुबक’ या सिंचनव्यवस्थेचा भाग म्हणून. देवळाचा आणि सिंचनाचा काय संबंध?

सुबक म्हणजे एका पाटावर भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा गट. कोणी कधी पाणी घ्यायचं, लावणी कधी करायची, हे हे गट जलमंदिरांमार्फत ठरवतात. आता प्रश्न असा, की वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी सोडेलच कशाला?

उत्तर आहे किडीत. शेजारची सगळी खाचरं एकाच वेळी कापली, की तुडतुड्यांना खायला काही उरत नाही. खालच्याची लावणी मागेपुढे झाली, तर तिथली कीड वर येते. म्हणून वरच्यालाही खालच्याची साथ लागते. पण सगळ्याच खोऱ्याने एकदम लावणी केली, तर पाणी पुरत नाही. म्हणजे गट फार लहान असला तर कीड, फार मोठा असला तर पाणीटंचाई.

मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी १७२ सुबकांचं संगणकीय मॉडेल केलं, ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात प्रत्येक सुबक फक्त जास्त पिकवणाऱ्या शेजाऱ्याचं वेळापत्रक उचलत होता. वरून कोणाचाही हुकूम नाही. तरी तयार झालेले गट खऱ्या जलमंदिरांच्या गटांशी बरेच जुळले!

याउलट १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या कार्यक्रमात ‘जमेल तितक्या वेळा भात लावा’ असं सांगितलं गेलं. वेळापत्रक मोडलं, कीड उसळली आणि पाण्याचा गोंधळ झाला.

आज खाचरांच्या जागी हॉटेलं आणि व्हिला उभे राहतायत. देवळाची भिंत शाबूत राहील हो, पण पाणी वाटून घ्यायला शेतकरीच उरले नाहीत तर ही व्यवस्था चालणार कशी? म्हणून तमन आयुन बघून झालं, की जवळच्या एखाद्या पाटाकडेही जाऊन या.