शारीरिक स्वास्थ्यासाठी मर्दन व स्नायू ताणण्याचे व्यायाम : एक विवेचन

प्रस्तावना :
शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याचे गाव होय. गळीत हंगामात ऊसतोड मजूर दिवसभर वाकून ऊस तोडतात व मोळ्या डोक्यावर वाहतात. महाविद्यालयीन प्राध्यापक तासन्‌तास उभे राहून शिकवितात किंवा संगणकापुढे बसतात. श्रमाचे स्वरूप भिन्न असले तरी कंबर, मान व खांदे यांची दुखणी दोहोंच्या वाट्यास येतात. त्यावर मर्दन आणि स्नायू ताणणे हे दोन उपाय सुचविले जातात. या दोहोंचे कार्य मात्र एकसारखे नाही.

मर्दन :
वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंग सांगितला असून मस्तक, कान व पाय यांवर विशेष भर दिला आहे. दिवाळीतील अभ्यंगस्नान, बाळ-बाळंतिणीस तेल लावणे व तालमीतील मालिश ही त्या परंपरेची परिचित रूपे होत. मर्दनाने वेदना व ताठरपणा काही काळ कमी होतो, मनासही स्वस्थता लाभते. तथापि मालिशमुळे स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, हा समज शास्त्रीय कसोटीस उतरत नाही. श्रमानंतर साधारण तासाभरात ते आपोआप पूर्वपातळीवर येते.

स्नायू ताणणे :
मर्दनात शरीर स्वस्थ असते. येथे ते स्वतः कार्य करते. नियमित सरावाने सांध्यांच्या हालचालीची कक्षा वाढते. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाभ्यासास प्रयोगशाळेतील तपासणीची जोड दिली. सर्वसाधारण प्रौढाने शरीर थोडे गरम झाल्यावर प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद धरावा, २ ते ४ वेळा करावा व हा क्रम आठवड्यातून किमान २ ते ३ दिवस ठेवावा. झटके देऊ नयेत, श्वास रोखू नये.

मर्यादा :
ज्वर, ताजी दुखापत वा त्वचेचा संसर्ग असता मर्दन टाळावे. वाग्भटानेही अजीर्णात अभ्यंग वर्ज्य मानला आहे. एकाच पायास अचानक सूज व वेदना आल्यास रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. तेथे चोळणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी तत्काळ वैद्यकीय तपासणी करावी.

समारोप :
सारांश, मर्दन आराम देते, तर ताणण्याचा सराव लवचिकता टिकवितो. परंतु दुखण्याचे कारण कामाच्या पद्धतीत असेल, तर प्राध्यापकाने बैठक बदलावी आणि मजुरास पुरेशी विश्रांती मिळावी, हे त्याहून अगत्याचे होय.