पत्रकारितेचे शिक्षण आणि पोटाचा प्रश्न

देऊळघाटासारख्या गावातून कॉलेजात जाणारी मुले आता पत्रकारितेची वाट विचारतात, आणि त्यांचे आईबाप विचारतात, त्यात पोट भरेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.

वकिलीला सनद लागते, तशी पत्रकारितेला लागत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले, तेव्हा या विद्येचे कॉलेज नव्हते. ‘दीनबंधु’ चालविणारे कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे तर गिरणीत स्टोअरकीपर होते. मग शिक्षण कशाला? बातमीची पारख, आकड्यांची तपासणी, अब्रुनुकसानीचा कायदा, चित्रफितीचे संपादन हे ठेचा खात शिकण्यात उमेदीची वर्षे जातात. कॉलेजात ते शिस्तीने शिकता येते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात हा विभाग १९५२ साली निघाला, पुणे विद्यापीठात १९६४ साली. आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस, भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र २०११ साली सुरू झाले.

शिकून बाहेर पडणारा बातमीदार वा उपसंपादकच होतो असे नाही. आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात, भाषांतर, जनसंपर्क अशा अनेक वाटा आहेत. जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या जागेसाठीही ही पदवी कामी येते.

परंतु कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला याहून मोठी वाटते ती पगाराची गोष्ट. तालुक्याच्या वार्ताहराला पुष्कळ ठिकाणी पगार नसतो. जाहिरातीवरचे कमिशन हीच त्याची मिळकत. ज्याच्या जाहिरातीवर चूल पेटते, त्याच्याविरुद्ध लेखणी चालेल कशी? म्हणजे वार्ताहराचे वेतन हा वाचकांच्याही हिताचा प्रश्न आहे.

श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला. पुढे तो नव्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला. मजिठिया वेतनमंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ग्राह्य ठरविल्या, आणि कंत्राटी पत्रकारही त्यांत येतात, असा निर्वाळा २०१७ साली दिला. पण हाती नेमणुकीचा कागद नसेल, तर हा हक्क सिद्ध करता करता माणूस थकून जातो.

म्हणून मुलांनी पत्रकारिता अवश्य शिकावी. तिच्या जोडीला शेती, हिशेब वा कायदा यांपैकी एक विषय पक्का करावा, म्हणजे लेखणीला वजन येते. आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारावेत : पगार किती, आणि नेमणूकपत्र केव्हा? स्वतःसाठी हे विचारण्याची ज्याला भीड वाटते, तो गावासाठी काय विचारणार?