आडनावातले गाव आणि पासपोर्टातला देश

रोहेकर, पेणकर, अष्टमकर, नवगावकर, केहिमकर. ही आडनावे एका ओळीत वाचली की रायगड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. रोहे आणि पेण ही तालुक्याची गावे. अष्टमी रोह्यासमोर, कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावर. नवगाव आणि किहीम अलिबागच्या किनाऱ्याला. ही आडनावे लावणारी बेने इस्रायल समाजाची बहुतेक कुटुंबे आज बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा इस्रायलमधल्या शहरांत राहतात. त्यांच्या आडनावात गाव कोकणातले आहे आणि पासपोर्टावर देश दुसरा आहे.

परदेशी जाण्याविषयी आपल्याकडे बोलले जाते ते तिकीट, पगार आणि थंडी यांविषयी. ज्या कागदावर माणूस जातो त्याविषयी फारसे बोलले जात नाही. मला या लेखात त्या कागदाचाच माग काढायचा आहे. रोहेकर आडनावाचा माणूस कोणत्या कागदावर गेला, आणि त्याच्या नातवाला रोह्यात परत यायचे झाले तर कोणता कागद लागेल, एवढाच प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात तीन-चार देशांचे कायदे येतात.

समाजाची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटले आणि त्यातून वाचलेली मोजकी कुटुंबे किनाऱ्यावरच्या गावांत स्थिरावली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. भाषा मराठी, वेश मराठी. नवस एलियाहू हन्नाबीला, आणि नवस फेडायचा तो मलिद्याच्या ताटाने. पुढे नोकरी आणि पलटणीच्या निमित्ताने कुटुंबे मुंबईला गेली. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. इथल्या शेजाऱ्यांनी त्यांचा धर्मासाठी छळ केला नाही, हे समाजातले लोक आजही आवर्जून सांगतात. म्हणजे युरोपातल्या ज्यूंप्रमाणे जीव वाचवण्यासाठी त्यांना देश सोडावा लागला नाही. त्यांच्यासाठी एक दार उघडले गेले आणि त्या दारातून ते गेले.

ते दार म्हणजे इस्रायलच्या संसदेने ५ जुलै १९५० रोजी मंजूर केलेला परतीचा कायदा. एरवी व्हिसा म्हणजे परक्याला दिलेली सवलत असते. या कायद्याने ती कल्पना उलटी केली. प्रत्येक ज्यू व्यक्तीला स्थायिक होण्यासाठी येण्याचा हक्क आहे, आणि सार्वजनिक आरोग्याला किंवा राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका अशा मोजक्या कारणांखेरीज तो नाकारता येत नाही. १९५२ च्या नागरिकत्व कायद्याने अशा आलेल्या माणसाला नागरिकत्वही दिले. १९७० च्या दुरुस्तीने हा हक्क ज्यू व्यक्तीची मुले, नातवंडे आणि त्यांचे जोडीदार यांच्यापर्यंत वाढवला. भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० रोजी, पण दूतावास उघडले ते १९९२ मध्ये. मधल्या काळात, १९५३ पासून, इस्रायलची वकिलात होती ती फक्त मुंबईत. कोकणातून निघालेल्या कुटुंबाला मुंबई तशीही वाटेवरच होती.

दार उघडे होते, पण आतल्या घरात सहज प्रवेश मिळाला नाही. वाळवंटी भागातली वस्ती, हलक्या कामांची वाटणी आणि वर्णावरून होणारा भेद यांनी वैतागलेल्या काही कुटुंबांनी १९५१-५२ मध्ये तेल अवीवला धरणे धरले. आम्हाला भारतात परत पाठवा, ही त्यांची मागणी होती. काही जण खरोखरच परत आले, आणि त्यांतले कित्येक पुढे पुन्हा इस्रायलला गेले. दुसरा संघर्ष याहून खोल होता. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अधिकारात येतात. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने असा निर्देश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचे अन्य ज्यूशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या वंशाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. देशात घेताना ज्यू मानलेला माणूस लग्नाच्या वेळी संशयित ठरला. समाजाने निदर्शने केली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेने खास अधिवेशनात ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशातून समाजाचे नाव काढले.

या चौकशीतली अडचण रोह्यातल्या माणसाला चटकन कळेल. आपल्या नोंदी बापाच्या नावाने चालतात. कोतवाल बुकातली जन्मनोंद, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, सगळीकडे वडील आणि आजोबा सापडतात. आजीचे माहेरचे नाव लग्नाबरोबर बदललेले असते, आणि तिच्या आईचे नाव तर घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतच राहते. धर्मपीठाने नेमकी हीच साखळी मागितली होती. एका देशाची दफ्तरे जे लिहीतच नव्हती, ते दुसऱ्या देशाने पुरावा म्हणून मागितले.

इस्रायलला जाणारे दुसरेही दार आहे, आणि ते वंश विचारत नाही. तिथे पाहुण्याला बी-२, विद्यार्थ्याला ए-२ आणि कामगाराला बी-१ व्हिसा मिळतो. वृद्धांची शुश्रूषा करायला जाणारे भारतीय बी-१ वर जातात. मे २०२३ मध्ये दोन्ही सरकारांनी बांधकाम आणि शुश्रूषा या क्षेत्रांसाठी ४२,००० भारतीय कामगारांचा करार केला. या व्हिसावरचा मुक्काम सर्वसाधारणपणे पाच वर्षे आणि तीन महिने इतकाच असतो. तो विशिष्ट कामाशी बांधलेला असतो आणि कुटुंब बरोबर नेता येत नाही. म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या रोहेकर आजींच्या उशाशी बसणारी भारतीय परिचारिका तिथे आयुष्यभर राबली असती तरी आजींसारखी तिथली होऊ शकत नाही. एका व्हिसाचा प्रश्न ‘तू कोणाचा?’ असा आहे आणि दुसऱ्याचा ‘तू कशासाठी?’ असा. या दोन प्रश्नांमधले अंतर कष्टाने कापता येत नाही.

आता भारताची बाजू पाहू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. म्हणून निर्णय घेण्याआधी राहून पाहण्याची सोय महत्त्वाची ठरते. परतीच्या कायद्याचा हक्क असलेल्याला ए-१ हा तात्पुरत्या निवासाचा व्हिसा घेता येतो, आणि तोवर त्याचे मूळ नागरिकत्व शाबूत राहते.

वंशावर उघडणारी अशी दारे आपल्या आसपास आणखी दोन आहेत. पुदुच्चेरी फ्रान्सकडून भारताकडे आली तो करार १९५६ चा, अमलात आला १६ ऑगस्ट १९६२ रोजी. तिथल्या रहिवाशांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. लेखी निवेदन करून फ्रेंच राहा, नाहीतर आपोआप भारतीय व्हा. ज्यांच्या आजोबांनी त्या मुदतीत सही केली, त्यांची नातवंडे तमिळ बोलत फ्रेंच नागरिक म्हणून पुदुच्चेरीत राहतात आणि पॅरिसला व्हिसाविना जातात. शेजारच्या घरातल्या, सही न केलेल्या माणसाच्या नातवाला त्याच पॅरिससाठी शेंगेन व्हिसाची रांग लावावी लागते. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल नागरिकत्व देते, आणि ते घेतले की भारताचे जाते. तिन्ही ठिकाणी आजोबांचा एक कागद नातवाचा प्रवास ठरवतो.

आणि परतीची वाट? इस्रायलमध्ये जन्मलेला रोहेकर भारतीय कायद्याच्या लेखी परदेशी आहे. पाहुणा म्हणून यायचे तर फ्रेंच किंवा जर्मन प्रवाशासारखाच ई-व्हिसा काढायचा. रोह्यात लॉजवर उतरला तर मालकाने चोवीस तासांत त्याची नोंद कळवायची. यापेक्षा बरी सोय म्हणजे ओसीआय कार्ड. २००६ पासून ते मिळू लागले. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर भारतीय नागरिक असलेल्याची मुले, नातवंडे आणि पतवंडे, तसेच त्यांची अज्ञान मुले यांना ते मिळते. ते आयुष्यभराच्या व्हिसासारखे चालते. येता येते, राहता येते, नोकरी करता येते, घर विकत घेता येते. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त वारशाने आली तर ठेवता येते. त्यातही महाराष्ट्रात कुळकायद्याने शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावे लागते. म्हणजे ज्या गावाचे नाव तो जन्मभर लावतो, त्या गावात त्याला भाताचे एक खाचर विकत घेता येत नाही.

दोन्ही देशांचे कायदे पिढ्या मोजतात. इस्रायल नातवंडापर्यंत मोजते, भारत पतवंडापर्यंत आणि त्याच्या अज्ञान लेकरापर्यंत. १९५० च्या दशकात निघालेल्यांची पतवंडे आज शाळेत आहेत, म्हणजे भारताने मोजलेली शेवटची पायरी जवळ आली आहे. आडनावातला ‘कर’ मात्र पिढ्या मोजत नाही. इस्रायलमधल्या या लोकांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले, महाराष्ट्र दिन साजरा केला. पण भाषा जपल्याचा दाखला कोणत्याही व्हिसाच्या अर्जात जोडता येत नाही.

जोडता येतात ते कागद. आजोबांचा जुना भारतीय पासपोर्ट, मुंबई-कोकणातल्या शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीतली जन्मनोंद, सिनेगॉगमधला विवाहलेख. यांतले काही तिकडच्या कपाटात आहेत, तर बरेचसे इकडच्या दफ्तरांत, कोकणातल्या दमट हवेत, जुन्या नोंदी मोडीत. रोहे, पेण आणि अलिबागच्या जुन्या नोंदवह्या जपण्याची, त्यांची छायाचित्रे घेण्याची आणि मोडी वाचणारी माणसे तयार करण्याची गरज मला म्हणूनच तातडीची वाटते. जातीच्या दाखल्यांसाठी आपण हल्ली त्याच वह्या धुंडाळत आहोत. त्याच पानांवर शनवार तेल्यांच्याही नोंदी असणार. त्या वाचून ठेवल्या, तर रोहेकरांच्या एखाद्या पतवंडाला अर्जातला आजोबांच्या गावाचा रकाना पुराव्यानिशी भरता येईल.