मत्स्य-अंकन

मत्स्य-अंकन : पाण्यात सोडलेला मासा पुढे केव्हाही पुन्हा हाती लागल्यास तो ओळखता यावा, म्हणून त्याच्या शरीरावर केलेली खूण, त्याला जोडलेली क्रमांकित पट्टी किंवा त्याच्या नैसर्गिक खुणांची ठेवलेली नोंद या सर्वांना मिळून मत्स्य-अंकन म्हणतात. माशाचे स्थलांतर, वाढीचा वेग, आयुर्मान, जलाशयातील माशांची संख्या आणि सोडलेल्या मत्स्यबीजापैकी जगलेल्या बीजाचे प्रमाण या गोष्टी अंकनाने कळतात. मत्स्यसंशोधकांप्रमाणेच छंद म्हणून गळाने मासे पकडून ते जिवंत परत सोडणारे मत्स्यपारधीही हे तंत्र वापरतात. संशोधकाला नदीवर जितके दिवस काढता येत नाहीत तितके दिवस पारधी तेथे असतो. त्यामुळे त्याने ठेवलेली काटेकोर नोंद शास्त्राला फार उपयोगी पडते.

इतिहास : लहान सॅमन माशांच्या शेपटीला फीत बांधून ते समुद्रातून त्याच नदीत परततात की काय हे पाहिले गेल्याचा उल्लेख आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाच्या १६५३ सालच्या मत्स्यपारधीवरील ग्रंथात आहे. अमेरिकेतील मेन राज्यात चार्ल्स ॲटकिन्स यांनी १८७० नंतरच्या काही वर्षांत पेनॉबस्कॉट नदीतील सॅमन माशांना धातूच्या पट्ट्या लावून असे प्रयोग पद्धतशीरपणे केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये सी. जी. जे. पेटर्सन यांनी चपट्या माशांना चकत्या लावल्या आणि पुन्हा सापडलेल्या चकत्यांच्या प्रमाणावरून एकूण संख्येचा अंदाज करण्याची रीत घालून दिली. मत्स्यपारध्यांना या कामात संघटितपणे सहभागी करून घेण्याचा प्रारंभ १९५४ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल येथून फ्रँक मेथर यांनी केला. ट्यूना व मार्लिन यांसारखे मोठे सागरी मासे पारध्यांनी पट्टी लावून सोडावेत आणि पुन्हा ज्याच्या गळाला ते लागतील त्याने कळवावे, अशी ती योजना होती. पुढे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स (१९७३), न्यूझीलंड (१९७५) व दक्षिण आफ्रिका (१९८४) येथेही अशा योजना सुरू झाल्या.

खुणांचे प्रकार : सर्वांत जुनी व स्वस्त खूण म्हणजे पराचा तुकडा कापणे. सॅमनच्या पाठीवरील मांसल वसापर यासाठी सोयीचा असतो. रोहू, कटला, महसीर इ. माशांना तो नसल्याने त्यांच्या बाबतीत श्रोणिपराचा उपयोग केला जातो. कापलेला पर पुन्हा वाढू शकतो व त्यावरून माशाचा गट कळला, तरी विशिष्ट मासा ओळखता येत नाही.

व्यक्तिगत ओळखीसाठी क्रमांकित खूणपट्टी लागते. हिलाच व्यवहारात टॅग म्हणतात. मत्स्यपारधीत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या टोकाची, शेवयीसारखी बारीक प्लॅस्टिकची पट्टी अधिक वापरली जाते. पोकळ सुईने ती पृष्ठपराच्या तळाशी टोचली म्हणजे तिचे आडवे टोक पराच्या आधारकाड्यांत अडकून बसते. बाहेर राहणाऱ्या भागावर क्रमांक व कळविण्याचा पत्ता असतो. ही पट्टी कोणालाही सहज दिसते, हा तिचा गुण. परंतु ती गळून पडू शकते, तीवर शेवाळ चढते व जाळ्यात अडकण्याचा संभव असतो, हे दोष होत.

शरीरात बसवावयाच्या खुणांत तांदळाच्या दाण्याएवढी, सु. १२ मिमी. लांबीची काचेची कुपी प्रमुख आहे. तीत विद्युत्‌घट नसतो. वाचक-यंत्र जवळ नेले की त्याच्या चुंबकीय क्षेत्राने उद्दीपित होऊन ती आपला क्रमांक कळविते, त्यामुळे ती माशाच्या आयुष्यभर टिकते. मात्र यंत्र जवळ नसलेल्या कोळ्याला माशात अशी कुपी आहे हे कळत नाही. बोटुकलीसारख्या लहान माशांसाठी नाकाच्या भागात खुपसावयाचा सूक्ष्म सांकेतिक तारेचा तुकडा किंवा हाडांत व कर्णाश्मांत चमकणारा थर उमटविणारे रासायनिक द्रावण वापरतात.

माशाचा सतत मागोवा घ्यावयाचा असल्यास प्रेषक लागतो. रेडिओ-प्रेषक उथळ गोड्या पाण्यात चालतो. खाऱ्या पाण्यात त्याचे तरंग शोषले जात असल्याने तेथे ध्वनिप्रेषक वापरतात. कोणताही प्रेषक माशाच्या वजनाच्या सु. २ टक्क्यांपेक्षा जड असू नये, असा संकेत रूढ आहे.

नैसर्गिक खुणा : काही माशांना बाहेरून खूण करण्याची गरजच नसते. कार्प माशाच्या आरसा कार्प या प्रकारात खवले थोडे, मोठे व विखुरलेले असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक माशात वेगळी असून ती आयुष्यभर बदलत नाही. नेदर्लंड्समध्ये पारध्यांच्या संघटना असे मासे पाण्यात सोडण्यापूर्वी प्रत्येकाचे छायाचित्र घेऊन ठेवतात. पुढे एखाद्याने मासा पकडला की त्याच्या छायाचित्राशी जुनी छायाचित्रे ताडून तो कोणत्या वर्षी, कोठे सोडला होता व किती वाढला हे ठरविता येते. देवमुशीच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणीही अशीच व्यक्तिगत असून तारकासमूह जुळविण्यासाठी रचलेल्या गणितपद्धतीने ती संगणकावर ओळखता येते.

भारतात जर्मन जातीचा आरसा कार्प १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला. परंतु सखल प्रदेशातील तलावांत ज्याचा प्रसार झाला तो सायप्रिनस मुख्यतः १९५७ मध्ये बँकॉकहून आणलेल्या, सर्वांगी खवले असलेल्या जातीचा आहे. त्यामुळे केवळ खवल्यांवरून ओळख पटविण्याची रीत महाराष्ट्रात फारशी उपयोगी पडत नाही. महसीर, रोहू इ. माशांचे खवले नियमित ओळींत असतात. त्यांच्या बाबतीत फाटलेला पर, गळलेल्या खवल्याच्या जागी उगवलेला वेडावाकडा खवला, ओठावरील व्रण यांवरच भिस्त ठेवावी लागते. अशा खुणा बदलू शकतात, म्हणून त्यांच्या जोडीला क्रमांकित पट्टी असणे इष्ट असते.

संख्येचा अंदाज : पेटर्सन यांची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सोलापूरजवळील हिप्परग्याच्या एकरुख तलावात २०० मासे खूण करून सोडले. ते इतर माशांत मिसळल्यावर जाळ्यात ३०० मासे सापडले व त्यांपैकी १२ खुणेचे निघाले. म्हणजे दर २५ माशांमागे १ मासा खुणेचा आहे; यावरून तलावातील एकूण मासे २०० × २५ = ५,००० असावेत. हे गणित खरे ठरण्यासाठी खुणा गळू नयेत, खुणेचे मासे अधिक प्रमाणात मरू नयेत, ते सर्वत्र मिसळावेत आणि सापडलेली प्रत्येक खूण कळविली जावी, या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. १२ खुणांपैकी ६ च कळविल्या गेल्या, तर अंदाज एकदम १०,००० वर जातो, म्हणजे तलावात प्रत्यक्षाच्या दुप्पट मासे आहेत असा भ्रम होतो व तितकी अधिक मासेमारी होऊन तलाव रिता होऊ शकतो. खुणा गळण्याचे प्रमाण कळावे म्हणून काही माशांना दोन पट्ट्या लावतात.

महसीर व कावेरीचा धडा : दख्खनी महसीर (शास्त्रीय नाव टॉर खुद्री ) या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. धरणे, प्रदूषण व सुरुंगाने केलेली मासेमारी यांमुळे हा मासा विरळ होत गेला. देहू येथे इंद्रायणीत आणि महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड येथे देवतेचा मासा म्हणून त्याला भाविकांनी अभय दिले. १९७० च्या सुमारास महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळा येथे त्याचे कृत्रिम प्रजनन साधले आणि टाटा वीज कंपनीच्या वळवण येथील केंद्रात तयार झालेल्या बोटुकल्या पुढील दशकांत अनेक राज्यांत पाठविण्यात आल्या. कर्नाटकातील कावेरीतही त्या सोडल्या गेल्या.

कावेरीत मूळचा वेगळा, पाठीला उंचवटा असलेला व नारिंगी परांचा महसीर होता. १९४६ मध्ये काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी गळाने पकडलेला १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा मासा जगभरच्या पारध्यांत प्रसिद्ध आहे. पुढे तेथे मासा पकडून सोडून देण्याची प्रथा पडली व गालिबोरे येथील शिबिरात प्रत्येक माशाचे वजन, परांचा रंग व मासेमारीचे तास यांची वही ठेवली जाऊ लागली. १९९८ ते २०१२ या काळातील सु. २३,६०० तासांच्या मासेमारीत सहा हजारांहून अधिक महसीर पकडून सोडल्याच्या या नोंदींचा अभ्यास ए. सी. पिंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दर तासाला सापडणाऱ्या माशांची संख्या वाढली होती, म्हणून वरवर पाहता नदी समृद्ध झाल्यासारखी दिसत होती. परंतु नोंदी रंगानुसार वेगळ्या केल्यावर वाढलेले मासे निळसर परांचे, म्हणजे बाहेरून आलेले असल्याचे आढळले. मूळच्या नारिंगी परांच्या माशांत लहान पिल्ले जवळजवळ दिसेनाशी झाली होती. या मूळ माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी २०१८ मध्ये निश्चित झाली व तो अतिसंकटग्रस्त ठरविण्यात आला.

या प्रकरणात माशांना क्रमांकित पट्ट्या नव्हत्या. परांचा रंग हीच दोन गटांना वेगळे करणारी खूण ठरली. पारध्यांच्या वहीत तो रंग लिहिलेला नसता, तर एका नदीत सद्‌हेतूने सोडलेला मासा दुसऱ्याची जागा घेत आहे, हे कळलेच नसते. एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडू नये आणि सोडलेल्या प्रत्येक गटाची ओळख राखावी, हा यापासून मिळणारा धडा होय.

उजनी जलाशय : सोलापूर जिल्ह्यात माढे तालुक्यातील उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सु. ११७ अब्ज घनफूट साठवणक्षमता असलेला हा यशवंतसागर जलाशय सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत पसरला आहे. इंद्रायणी व मुळा-मुठा यांचे पाणी भीमेतून येथेच येते. म्हणजे ज्या पाण्यातून महसीराचे प्रथम वर्णन झाले तेच पाणी येथे साठते. भूमिपुत्रांच्या जमिनी बुडाल्यावर जलाशयातील मासेमारी हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले. भिगवण व इंदापूर येथे माशांचा मोठा बाजार भरतो.

कटला, रोहू व मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे मासे असून दख्खनच्या जलाशयांत त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. याउलट १९५२ मध्ये भारतात आणलेला चिलापी मासा साठलेल्या पाण्यात आपोआप वाढतो व वर्षातून अनेकदा विणतो. त्यामुळे बाजारात मासा भरपूर आला, एवढ्यावरून सोडलेले बीज जगले असे म्हणता येत नाही. फार लहान बीज मोठ्या माशांच्या भक्ष्यस्थानी पडते, म्हणून जलाशयात ८ ते १० सेंमी. लांबीची बोटुकली सोडावी अशी शिफारस केली जाते. पण त्या बोटुकलीपैकी किती जाळ्यात परतते, हे तिला खूण केल्याशिवाय समजू शकत नाही. लहान आसाच्या जाळ्यांनी बोटुकलीच उचलली जात असल्यास तेही अंकनाने उघड होते. अशा जलाशयात खुणेचा मासा बहुधा गळाला न लागता कोळ्याच्या जाळ्यात येतो. म्हणून पट्टीवरील मजकूर मराठीत असणे, ती बाजारातच स्वीकारण्याची सोय असणे, कळविणाऱ्यास काही मोबदला मिळणे व माशाची पूर्वकथा त्याला सांगितली जाणे आवश्यक ठरते.

पारध्याने घ्यावयाची काळजी : गळाचा उलटा दात चिमट्याने दाबून टाकावा, म्हणजे तो जखम न वाढविता निघतो. मासा फार वेळ खेळवू नये. दमलेल्या माशाच्या रक्तात दुग्धाम्ल साठते व तो सोडल्यावरही मरू शकतो. माशाला कोरड्या हाताने वा फडक्याने धरल्यास त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून रोगजंतूंना वाट मिळते, म्हणून हात ओले असावेत. मोजमाप, छायाचित्र व पट्टी टोचणे ही कामे मासा शक्य तो पाण्यातील जाळीत ठेवूनच उरकावीत. उन्हाळ्यात पाणी तापलेले व त्यातील ऑक्सिजन घटलेला असताना अंकन टाळावे. मासा स्वतःहून निसटेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून त्याला आधार द्यावा. नोंदीत तारीख, ठिकाण, जात, थूथनापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी, वजन, पट्टीचा क्रमांक व दोन्ही बाजूंची छायाचित्रे असावीत. मासा न मिळालेल्या दिवसांचे तासही लिहावेत, कारण त्यांवाचून विपुलतेचा अंदाज चुकतो. जलाशयात मासेमारीस व अंकनास संबंधित खात्याची व ठेकेदार संस्थेची परवानगी घ्यावी लागते.

मर्यादा : पट्टीवरून मासा कोठे सोडला व कोठे सापडला एवढेच कळते, मधला प्रवास कळत नाही. पट्ट्या जेथे मासेमारी अधिक तेथूनच परत येतात, त्यामुळे मासे तेथेच राहतात असा चुकीचा समज होऊ शकतो. पराच्या लहानशा तुकड्यातील जननिक द्रव्यावरून माशाचे मातापितर ओळखण्याची अलीकडील पद्धत या उणिवा काही अंशी भरून काढते. तीत संवर्धनकेंद्रातील प्रजनक माशांची नोंद असली म्हणजे त्यांची सर्व पिल्ले जन्मतःच अंकित ठरतात. गंगेत फराक्का बंधाऱ्याच्या वरच्या अंगास सोडलेल्या हिलसा माशांना केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था पट्ट्या लावते व त्या कोळ्यांकडून परत मिळवून माशांचा प्रवास अभ्यासते. पद्धत कोणतीही असली, तरी सापडलेली खूण कळविणारा मनुष्य हाच या शास्त्राचा आधार राहतो.

पहा : कार्प, मत्स्यपारध, मत्स्योद्योग, महसीर.